टीव्ही, मोबाइल आणि लॅपटॉप एकदम वापरल्याने एकाग्रता कमी होते का?

त्या वेळेपुरती तरी नक्कीच होते. लक्ष लागणारी दोन कामं मेंदू एकदम करतच नाही. इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत वेळ जातो. मॅच लावून मेल लिहायला बसलो की विकेट पडताच माझं वाक्य अर्धवट राहतं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचा!

२००९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक ओफिर, नास आणि वॅग्नर यांनी असं सगळं एकदम वापरायची सवय असलेल्यांची चाचणी घेतली. निदान कामं बदलण्यात तरी ही मंडळी तरबेज असतील ना? तिथेच ती मागे पडली, नको ती माहिती बाजूला सारणंही त्यांना जड गेलं. (सवयीने लक्ष उडतं की लक्ष न टिकणारेच असं वागतात, हे त्यातून ठरत नाही.) भांडी घासण्यासारख्या हातवळणीच्या कामाला मात्र फारसं लक्ष लागत नाही, तेव्हा गाणी खुशाल ऐका.