परदेश वाटणार नाही, तिथेच सांभाळ

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नेपाळच्या डोंगरातल्या शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं तू ठरवलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. ती जरा घाबरली आहे. तू मात्र फोनवर म्हणालीस, "नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का, बाई?" व्हिसा लागत नाही, लिपी आपली, जेवण वरणभात, हिंदी सिनेमा सगळ्यांना पाठ. आईच्या भीतीची मला काळजी नाही. तुझ्या ह्या वाक्याची आहे.

मी तिथल्या शाळेत राहिले तेव्हा युरोपातून आलेली पोट्टी दर गोष्ट विचारून घ्यायची. चप्पल कुठे काढायची, पाणी कोणी द्यायचं, वर्गात आधी कोण बसतं. आपली मंडळी विचारत नसत, कारण आपल्याला सगळं ठाऊकच असतं ना!

साधी सुरुवात घड्याळापासून. तिथलं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असतं. सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा भरते. कॅलेंडर विक्रम संवताचं, म्हणजे हजेरीपटावरचं वर्ष आपल्यापुढे छप्पन्न-सत्तावन्न वर्षं. शाळेचं नवं वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्यावर लागतं, जेव्हा आपल्याकडे ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि विदर्भातल्या शाळा उघडायला जूनअखेर उजाडणार असते. सकाळी नुसता चहा. मग नऊ-साडेनऊला पोटभर दाल-भात, आणि दहाला शाळा. आपण पोह्यांची प्लेट घेतो त्या वेळी पूर्ण जेवण घशाखाली जात नाही. पण दुपारचा खाजा, म्हणजे मधल्या सुट्टीतलं खाणं, हलका असतो, चिउरा म्हणजे आपले कोरडे पोहे, सोबत चणे. सकाळचा भात नाकारलास तर चारपर्यंत फळ्यासमोर उभी राहू शकणार नाहीस.

तू उठशील तोपर्यंत वर्गातल्या निम्म्या मुली डोको पाठीवर घेऊन गवत कापून आलेल्या असतील. डोको म्हणजे बांबूची मोठी टोपली, तिचा पट्टा कपाळावर घेतात. दहाच्या तासाला एखादी पेंगली तर तिला उठवण्याआधी ती सकाळी कुठे होती ते विचार. असारात, म्हणजे जून-जुलैत, भाताची रोवणी सुरू झाली की वर्ग अर्धे रिकामे. रामटेक-मौद्याकडची शाळा पाहिली असशील तर नवल वाटणार नाही. तू पण जा बांधावर. पायांना जळवा लागतील, त्यांच्यासाठी मीठ जवळ ठेव.

आता वर्गाचं. भारतातून आली, इंग्रजी येतं, म्हटलं की हेडसर तुला सरळ नववी-दहावीवर टाकतील. तिथे दहावीच्या परीक्षेला पूर्वी एसएलसी म्हणत, आता एसईई. तिला 'फलामे ढोका', लोखंडी दरवाजा म्हणायची पद्धत आहे आणि सगळ्या गावाचा जीव तिच्यात अडकलेला असतो. शिवाय जवळपास एखादी खासगी इंग्रजी शाळा असतेच. मुलं रोज घरी येत असली तरी तिला 'बोर्डिङ'च म्हणतात. तिकडे पोरं पळू नयेत म्हणून सरकारी शाळेला तुझं इंग्रजी दाखवायचं असतं. हेडसरांची अडचण खरी आहे, त्यांना हसू नकोस. दहावीचा एखादा तास घे. पण पहिली-दुसरी मागून घे, हट्टाने.

कारण खरी अडचण तिथे बसलेली असते. तू जाणार ते गाव तामाङ लोकांचं, त्यांची भाषा वेगळी, तीही तामाङच. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी ही मातृभाषा असलेले लोक निम्म्याहून कमी, साधारण ४५ टक्के भरले. म्हणजे पहिलीतल्या तामाङ पोराला नेपाळीच परकी आहे, आणि तू तिसरी भाषा घेऊन उभी. २०१५ च्या संविधानात मातृभाषेतून शिकायचा हक्क लिहिलेला आहे, पण हक्क लिहिला म्हणून पहिलीच्या वर्गात ती भाषा बोलणारा शिक्षक उभा राहत नाही. देवलापारकडे गोंडी बोलणारी लेकरं मराठी पुस्तकापुढे कशी गप्प बसतात, ते मी नोकरीत असताना बघितलं आहे. ती मठ्ठ नसतात. सूर धरून धडा म्हणतात, त्यामुळे बाहेरून वर्ग उत्तम चाललेला दिसतो. तू एकेकाला जवळ बसवून पुस्तकाचं मधलंच पान उघड आणि बोट ठेवून वाचायला लाव. पहिल्या महिन्यात एवढं एकच काम केलंस तरी मी खूश. गावात दहावी-बारावी झालेली तामाङ बोलणारी एखादी दिदी नक्की असेल. तिला वर्गात आणायची परवानगी व्यवस्थापन समितीकडून घे. गोष्ट ती सांगेल, तू चित्रं काढ. तू परतल्यावर ती गावातच असणार आहे, म्हणून वर्ग जितका तिच्या हाती जाईल तितकं बरं.

आणि फळ्यावर लिहिताना लिपीही आपलीच समजू नकोस. आपला मराठी वळणाचा ल आणि श तिथल्या पुस्तकात नसतो, त्यांचा झ वेगळा, ५ आणि ८ सुद्धा बरेचदा वेगळे. अक्षरओळख नुकती होत असलेल्या पोराला तुझा ल म्हणजे नवीनच अक्षर. त्यांचं पहिलीचं पुस्तक घे आणि त्यातली वळणं आठ दिवस गिरव. वयाला शोभत नाही असं वाटेल, वाटू दे.

जातीचं मुद्दाम लिहिते. तुझ्या मराठी आडनावावरून तिथे कोणाला काही कळणार नाही, म्हणून लोक सरळ विचारतील. त्यांना ते उद्धट वाटत नाही. उत्तर काय द्यायचं ते तुझं तू ठरव, पण ह्या उत्तरावर काही घरांत स्वयंपाकघराचा उंबरठा ठरतो, हे माहीत असू दे. पाळीच्या दिवसांतही तसंच. तामाङ घरांत फारसं नसतं, बाहुन-छेत्री, म्हणजे तिथल्या ब्राह्मण-क्षत्रिय, घरात राहिलीस तर चुलीपासून लांब बसायला सांगू शकतात. पश्चिमेकडे ह्याचीच छाउपडी होते, बाईला गोठ्यात निजवतात. २०१७ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे. आपल्या घरांत काय चालतं ते आठव, म्हणजे तुला फार चढायला होणार नाही. यजमानांच्या घरी पहिल्याच रात्री भाषण देऊ नकोस.

शाळेत मात्र सूट नाही. विश्वकर्मा, परियार ह्या दलित आडनावांची पोरं खाजाच्या रांगेत कुठे उभी राहतात, पाण्याच्या घागरीला हात कोण लावतं, हे रोज बघ. २०११ पासून तिथे जातीय भेदभाव आणि छुवाछूत यांवर शिक्षेचा वेगळा कायदा आहे, म्हणून बोलायला घाबरायचं कारण नाही. आधी हेडसरांशी एकट्याने बोल. आणि पहिल्या दिवसापासून त्याच घागरीतलं, त्याच पोरांच्या हातचं पाणी पी. दीक्षाभूमीच्या गावची पोरगी आहेस. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे धर्मांतर झालं, आणि पुढच्याच महिन्यात प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला काठमांडूला गेले होते. तिथल्या शिक्षकांना हे सांगितलंस तर गप्पा चांगल्या रंगतात.

फक्त त्या गप्पांत बुद्ध भारताचे म्हणू नकोस. लुंबिनी नेपाळात आहे आणि ह्या एका वाक्यावरून चहा थंड होईपर्यंत भांडण होतं. त्यांचं बरोबरच आहे. २०१५ चा विषयही जपून. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरपासून सीमेवर माल अडलेला, घरात गॅस नाही. आपलं सरकार नाकारत आलं असलं, तरी तिथे त्याला भारताची नाकेबंदीच म्हणतात. कोणी बोललं तर ऐकून घे. हिंदी त्यांना कळते, पण तू ती गृहीत धरून सुरू झालीस की लोक आखडतात. मोडकी का होईना, नेपाळी बोल.

चॉकलेटं, पेनं वाटू नकोस. पोरांचे फोटो मोबाईलवर टाकू नकोस. ह्यावर वाद नको.

गोरखपूरला उतरून सोनौलीची बस घे आणि सीमा दिवसाउजेडी ओलांड, रात्री तिथे दलालांशिवाय कोणी भेटत नाही. विमानाने गेलीस तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेव, आधार चालत नाही. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेबात कोणी गोंधळ घातला तर ऐकू नकोस. तिकीट निघालं की कळव. तुझ्या आईकडे एकदा जाऊन येते, तिला दिवसाचं वेळापत्रक सांगितलं की ती निवळेल.

तुझी,
बाई