‘तसंच काहीतरी सुचवा ना, मॅडम’

“मॅडम, मी अकरा मालिका सुरू केल्या आणि अकराही सोडल्या. माझं काही बिघडलंय का?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलाने खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. वय १९. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहू का, असं त्याला विचारलंही आहे.) ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’ ही ६४ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका बघून संपवली त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून दुसरं काहीच मनाला लागत नव्हतं. मित्रांनी ‘डेथ नोट’ सांगितली, ‘अटॅक ऑन टायटन’ सांगितली, ‘विनलँड सागा’ सांगितली. प्रत्येकीचे दोन-तीन भाग बघायचे, बंद करायचं आणि पुन्हा फुलमेटल लावायचं. आईला हे व्यसन वाटत होतं. त्याला वाटत होतं, आपल्यातली आवडच मेली.

ही काळजी घेऊन बरेच जण येतात. पडद्यावरच्या माणसांशी आपलं एकतर्फी नातं जुळतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. ६४ भाग ज्यांच्या सोबत काढले ती माणसं एका रात्रीत निघून गेली की हुरहुर लागणारच. काही दिवस तसं वाटलं तर मी त्याला आजार म्हणत नाही. चार महिने म्हटल्यावर मात्र मी झोप, जेवण, अभ्यास, मित्र असं एकेक विचारत गेले. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. तसं नव्हतं. झोप तेवढी बिघडली होती.

दुसऱ्या वेळी तो यादीच घेऊन आला. “यातली कुठली तशीच आहे, ते सांगा.”

“तशीच म्हणजे कशी?”

“किमया, लढाया, दोन भाऊ.”

एवढ्यावर सुचवायचं तर कुणीही सुचवेल. ॲपही तेच करतं: याच प्रकारातली दुसरी, किंवा ही बघणाऱ्यांनी आणखी जी बघितली ती. तू काय बघितलंस ते त्याला ठाऊक असतं, त्यातलं तुला काय भिडलं ते नसतं. ‘हायक्यू’ आवडलेली दोन मुलं घ्या. एकाला व्हॉलीबॉलचा सामना, गुण, चुरस हवी असते. त्याला खेळावरची दुसरी कुठलीही चांगली मालिका चालेल. दुसऱ्याला आपला म्हणावा असा संघ हवा असतो. त्याला मी ‘अ प्लेस फरदर दॅन द युनिव्हर्स’ सुचवेन. १३ भाग, अंटार्क्टिकाला निघालेल्या चार मुली, खेळाचा पत्ता नाही, तरी ती त्याला जवळची वाटेल.

म्हणून मी यादी बाजूला ठेवली. “फुलमेटल पुन्हा लावतोस तेव्हा पहिल्या भागापासून बघतोस का?”

“नाही. विसावा भाग.” मग बराच वेळ गप्प. “तो खणतो तो.”

ज्यांनी ही मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. एडवर्ड आणि अल्फॉन्स हे भाऊ किमयेने मेलेल्या आईला परत आणायला जातात. ते साधत नाही. एडवर्डचा हात आणि पाय जातो, धाकट्याचं सगळं शरीर जातं, आणि त्या रात्री समोर जे तयार होतं ते भयंकर असतं, क्षणात मरतं. आपणच आईला पुन्हा मारलं, हे ओझं दोघं वर्षानुवर्षं वाहतात. विसाव्या भागात एडवर्ड गावी जाऊन ते पुरलेले अवशेष उकरून काढतो. हाडांची लांबी जुळत नाही, केसांचा रंग जुळत नाही. ती आई नव्हतीच.

“त्याला कळलं तरी,” तो म्हणाला. “मला कसं कळणार?”

मग आजोबांची गोष्ट निघाली. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. हेडफोन लावून गेम चालू होता, नंतर करू म्हणून त्याने घेतला नाही. रात्री आजोबा गेल्याची बातमी आली. त्यानंतर महिन्याभराने त्याने फुलमेटल बघायला सुरुवात केली होती. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

फोन घेतला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी ते सांगितलंही नाही. पुढच्या सहा-सात भेटी आम्ही त्या एका संध्याकाळवरच बोललो. मालिका हा काही उपचार नव्हे. पण शेवटी त्याने यादीचा विषय पुन्हा काढलाच, आणि आता मला सुचवता येणार होतं.

मी ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ सांगितली. ४४ भाग, दोन सीझन. रेई हा १७ वर्षांचा मुलगा शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळणारा व्यावसायिक खेळाडू आहे. आईवडील आणि बहीण अपघातात गेलेली. ज्या घराने सांभाळलं, तिथल्या मुलांना त्याने शोगीत मागे टाकलं, आणि आपल्यामुळे त्यांचं घर मोडलं या भावनेने तो बाहेर पडून एकटा राहतो. स्वतःला तो परक्या घरट्यात वाढलेलं कोकिळेचं पिल्लू समजतो. किमया नाही, तलवारी नाहीत. मात्र अपराधाचं तेच ओझं आहे, आणि शेजारच्या तीन बहिणी त्याला काहीही न विचारता जेवायला बसवतात. “सुरुवात संथ आहे, चार भाग तरी दे तिला,” एवढंच म्हटलं.

त्याने अकरात सोडलेल्या ‘विनलँड सागा’कडेही परत जा म्हटलं, पण घाईने नको. पहिल्या सीझनमध्ये सूड आणि रक्तपात आहे. दुसऱ्यात तोच नायक थोरफिन गुलाम म्हणून शेतावर राबतो आणि मारलेली माणसं त्याच्या स्वप्नात येतात. त्याच्या मनाशी जुळणारा भाग तो होता, पण तिथवर पोहोचायला पहिले २४ भाग पार करायला हवेत.

‘अनोहाना’ मात्र मी मुद्दाम थांबवली. फक्त ११ भागांची आहे, आणि त्याच्या गोष्टीशी सगळ्यात जास्त मिळतीजुळती. लहानपणी मैत्रीण अपघातात जाते, आणि मागे राहिलेल्या प्रत्येकाला वाटतं की ते आपल्यामुळेच झालं. जखम ताजी असताना इतकं हुबेहूब समोर आलं तर माणूस कोलमडूही शकतो. सुचवताना हे मी फार जपते. ते भान ठेवायचं नसेल तर सुचवूच नये, असं माझं मत आहे.

रेईची मालिका त्याने पुरी केली. झोप हळूहळू सुधारली. पाचेक महिन्यांनी त्याने विचारलं, “आता अनोहाना बघू?”

“कोणाबरोबर बघशील?”

त्याने थोडा विचार केला. “आईबरोबर.”

त्याआधी त्याने आईला फोनचं सांगितलं. मग दोघांनी रोज एक भाग असं ठरवलं. नंतर आई मला भेटायला आल्या तेव्हा व्यसनाचा विषय त्यांनी काढला नाही. सहाव्या की सातव्या भागाला त्यांनी मालिका मध्येच थांबवली होती, म्हणाल्या. “त्या संध्याकाळी बाबांचा फोन मलाही आला होता हो. मी मीटिंगमध्ये होते. त्याला सांगितलं ते तेव्हा.”