डीजे घ्यायचा की डीजे व्हायचं?

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी कॉमर्स करून आता एफवायबीकॉमला आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला त्याने मोबाइलच्या ॲपवर गाणी जोडून वाजवली, पोरं बेभान नाचली, आणि तेव्हापासून ‘मला डीजेच व्हायचंय’ हे पालुपद सुरू आहे. गावातल्या साउंडच्या दुकानातून त्याने कोटेशन आणलंय. पंधरा इंची दोन जुने टॉप (वरचे स्पीकर), दोन बेस (दणक्याचे स्पीकर), अँप्लिफायर, मिक्सर, एक कंट्रोलर आणि चार लाइट, सगळं मिळून १ लाख ४० हजार. हप्ते बांधून देतो म्हणाले. आईला न विचारता दोन हजार इसारही देऊन आलाय. ताई अंगणवाडी सेविका आहेत. बचत गटातून ४० हजारांपर्यंत उचलता येतील असं त्या लिहितात आणि विचारतात, ‘यात पोराचं काही भलं आहे का? पोलीस तर डीजे उचलून नेतात. आणि घ्यायचंच झालं तर आधी काय घेऊ?’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘डीजे’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला. त्यात सात वेळा तो यंत्र आहे आणि चार वेळा माणूस. पोलीस उचलून नेतात तो डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. तुमचा मुलगा होऊ म्हणतोय तो डीजे म्हणजे त्या भिंतीला काय ऐकवायचं हे ठरवणारा माणूस. आपल्याकडे दोघांना एकच नाव पडलंय, आणि तुमच्या घरातला निम्मा गोंधळ तिथूनच आलाय. तुमच्या भागात तर भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या कंपनीचं नाव टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे जगभर झालं, तिचं नाव आपण खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या वस्तूला दिलं. असो.

हे दोन वेगळे धंदे आहेत. भिंतीचा धंदा भांडवलाचा आहे. त्यात माल लागतो, तो ठेवायला गाळा, न्यायला टेम्पो, उचलायला चार पोरं, वर जनरेटरचं डिझेल. शिवाय परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, बस्स. २०१८ च्या गणेशोत्सवात साउंडवाल्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, तेव्हाही मिरवणुकीतल्या डीजेला अंतरिम दिलासा मिळाला नाही. माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी असाच जुना सेट कर्जावर घेऊन दिला होता. पुढे त्यांच्या तालुक्यात मिरवणुकांवर कडक धोरण आलं. सेट गोठ्याच्या पत्र्याखाली ताडपत्री टाकून पडला आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जात राहिला. बेसच्या पेटीत उंदरांनी घर केलं होतं, हे त्या मुलाने मला हसत सांगितलं. वडील शेजारी बसले होते, ते हसले नाहीत.

तेव्हा कोटेशनमधले टॉप, बेस, अँप्लिफायर, लाइट यांवर सरळ काट मारा. हॉलमध्ये किंवा लॉनवर लग्न असलं की साउंडवाला आपला सेट घेऊन येतोच. डीजेने फक्त आपली पेटी टेबलावर ठेवायची आणि त्याला ‘लाइन’, म्हणजे आवाजाची वायर द्यायची.

आता ती पेटी. तिला कंट्रोलर म्हणतात. दोन बाजूंना दोन गोल चकत्या, मधे आवाजाच्या दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर बेस, मिड, ट्रेबलचे कान, म्हणजे फिरवायच्या खुंट्या, आणि खाली एक आडवी पट्टी. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, पेटीत नाही. नवशिक्याला दोन चॅनेल पुरतात. चार चॅनेलचं मशीन बघून पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण ज्याला दोन गाणी जुळवता येत नाहीत त्याला चार देऊन काय होणार?

घेताना एकच गोष्ट पारखून घ्यायची, ती म्हणजे पेटीला स्वतःचं साउंड कार्ड आहे का. याचं कारण सांगते. डीजेला एकाच वेळी दोन वेगळे आवाज लागतात. लोकांना चालू गाणं ऐकू जातं आणि त्याला हेडफोनमध्ये पुढचं. त्यासाठी मशीनमधून दोन स्वतंत्र वाटा निघाव्या लागतात. पायोनियरच्या डीडीजे-२०० या स्वस्त मॉडेलमध्ये हे कार्ड नाही, त्याला वेगळी वायर लावून खटपट करावी लागते. त्याच कंपनीच्या डीडीजे-एफएलएक्स४ मध्ये ते आहे. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो डीजे लाइट ही दोन्ही सॉफ्टवेअर त्यावर चालतात, आणि बटणांची मांडणी क्लबमधल्या मोठ्या मशीनसारखीच आहे. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. क्लबमधला एकेक सीडीजे-३००० दोन लाखांच्या वर जातो, तो कुणी घरी घेत नाही. पण बोटांना जागा पाठ झाल्या असल्या की उद्या त्याच्यासमोर उभं राहताना घाम फुटत नाही. एफएलएक्स४ साधारण तीस हजारांच्या आगेमागे मिळतो. दोन-तीन दुकानांत विचारून भाव काढा.

त्याच्या आधीचं मॉडेल म्हणजे डीडीजे-४००. ते चांगल्या अवस्थेत जुनं मिळालं तर माझी हरकत नाही, फक्त घेताना वाजवून बघायचं. आडवी पट्टी पूर्ण एका कडेला सरकवली की दुसऱ्या बाजूचं गाणं अजिबात ऐकू येता कामा नये. गाणं चालू ठेवून प्रत्येक कान फिरवायचा, खरखर आली तर आत धूळ किंवा झीज आहे. प्ले आणि क्यू ही बटणं वीस-वीस वेळा दाबायची, कारण सगळ्यांत जास्त मार तीच खातात. आणि यूएसबीची वायर लावून जराशी हलवायची. तेवढ्यानं मशीन बंद-चालू झालं तर तिथूनच नमस्कार करून निघायचं.

हेडफोन वायरचाच हवा, कानावर घट्ट बसणारा, मागून बंद. ब्लूटूथ नको. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला ठोका पडतो. ब्लूटूथमध्ये आवाज पाव सेकंद उशिरा आला तर अर्ध्या ठोक्याची चूक झाली, आणि पोराला वाटणार आपल्यालाच जमत नाहीये. घरच्या ब्लूटूथ स्पीकरवर सराव करतानाही हेच होतं. त्याला ऑक्सची वायर लावा. चार-पाच हजारांत कामाचा हेडफोन येतो. आणि आरसीएच्या (लाल-पांढऱ्या टोकांच्या) दोन वायरी जास्तीच्या, सोबत पुढे लावायची पी-३८ (जाड जॅक) आणि कॅननची (तीन पिनांची, एक्सएलआर) टोकं. कार्यक्रम बंद पडतो तो मशीनमुळे क्वचितच, शंभर रुपयांच्या वायरीमुळे नेहमी.

लॅपटॉप नवा घेऊ नका. टॅलीच्या क्लाससाठी घेतलेला आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर तो चालेल.

मात्र यातलं काहीही उद्याच घ्यायचं नाही. आधी महिनाभर यंत्रावर एक रुपयाही खर्च न करता बसवा त्याला. मिक्स (Mixxx) नावाचं सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे, लॅपटॉपच्या कीबोर्डवर चालतं. कीबोर्डवर गाणी जुळवणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं, मला मान्य आहे. पण जो महिनाभर ते करतो त्याला पेटी मिळाल्यावर आवरावं लागतं. जो चौथ्या दिवशी कंटाळतो, त्याच्या आईचे चाळीस हजार वाचतात.

या महिन्यात त्याने काय करायचं ते मी थेट त्यालाच सांगते.

मित्रा, ॲपवर तू सिंकचं बटण दाबत होतास, बरोबर? दाबलं की दोन्ही गाणी एका चालीत येतात. ते बटण वाईट नाही, पण ते कशाच्या भरवशावर चालतं हे समजून घे. सॉफ्टवेअर गाणं तपासतं आणि त्यावर ठोक्यांच्या उभ्या रेघा मारतं, सारख्या अंतरावर. आजची गाणी कॉम्प्युटरवर बनतात, म्हणून ती रेघेवर चोख बसतात. पण तुझ्या गावच्या हळदीत रात्री नऊ वाजता फर्माइश येणार ती जुन्या मराठी गाण्यांची. तिथे ढोलकीवर माणूस बसलाय. तो मुखड्याला एका लयीत वाजवतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत रंगात येऊन चढतो. रेघा सरळ आणि गाणं वाकडं. सिंक दाबलंस की पहिली दहा सेकंदं ठीक, मग दोन ढोलक्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. कोळीगीतांचं आणखी वेगळं. त्यांचा झोका सहाचा आणि तुझ्या रिमिक्सची चाल चारची. बीपीएमचा आकडा जुळला तरी नाचणाऱ्याचा पाय जुळत नाही. तिथे ताल मोडून, एक गाणं नीट संपवून, टाळ्यांच्या आत दुसरं उचलता आलं पाहिजे. हे बटण करत नाही, कान करतो.

म्हणून महिनाभर सिंक बंद. स्क्रीनवर गाण्याच्या ज्या लाटा दिसतात त्यांच्यावर कागद चिकटव. रोज दोनच गाणी घे आणि नुसत्या कानाने एकत्र आण. त्यातलं एक जुनं, माणसांनी वाजवलेलं असलं पाहिजे. गाणी ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, विकत घेतलेली ठेव. व्हॉट्सॲपवर चार वेळा फिरून आलेलं गाणं मोबाइलवर बरं वाटतं, मोठ्या स्पीकरवर पत्रा वाजवल्यासारखं लागतं. आणि आवाज बेताचा. ८५ डेसिबलला कान आठ तास तग धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० ला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. तुझं सगळ्यांत महागाचं हत्यार कान आहे, त्याला हप्त्यावर दुसरा मिळत नाही.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येते. भवितव्याचं विचारलंत. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याजवळ एका लग्नात मी मुद्दाम डीजेच्या मागे खुर्ची टाकून बसले. चोविशीचा पोरगा. हेडफोनचा एक कान डोक्यावर, एक खांद्याशी धरलेला, नजर लॅपटॉपवर जेमतेम. सगळं लक्ष लोकांच्या पायांकडे. मशीनच्या कडेला त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती. तीवर लिहिलेलं, ‘नवरीच्या मैत्रिणी डावीकडे. मामा, जुनी. आजी पंख्याखाली, बेस कमी. ९:५५ बंद.’ मधेच लॅपटॉप अडकला. त्याने मोबाइल आधीच दुसऱ्या वायरीने जोडून ठेवला होता. दोन सेकंदांची शांतता झाली, लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, आणि त्यांनी शिट्ट्या मारल्या. बोलावणी येतात ती त्या चिठ्ठीमुळे आणि त्या जादा वायरीमुळे. पेटी तर आता शंभर जणांकडे आहे.

पण तोही वर्षभर यावरच जगत नाही. तुळशीची लग्नं लागली की याचा हंगाम सुरू होतो. आषाढीनंतर चातुर्मासात मुहूर्तच नसतात, मग गणपती-नवरात्र, आणि त्यातही वर सांगितलेले नियम. मधल्या महिन्यांत तो एका साउंडवाल्याकडे वायरिंग करतो, शाळांच्या गॅदरिंगची गाणी कापून देतो. तेव्हा बीकॉम सोडायचं नाही, यावर वाद नको. पदवी झाली तर पुढे आवाजाचं रीतसर शिक्षणही घेता येतं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेत साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला पदवी लागते; बारावी कॉमर्स केलेल्याला तो चालतो का, हे मात्र त्यांच्याकडे आधी विचारून घ्या. याला गोडी लागली ती गाण्याची की आवाजाची, हे तोवर कळेलच.

महिन्यानंतर तो टिकला असेल तर आधी हेडफोन घ्या, मग पेटी. चाळीस हजारांच्या आत बसतं. माझं ऐकाल तर बचत गटाचे सगळे पैसे उचलू नका. निम्मे तुम्ही घाला आणि निम्मे त्याने दिवाळीपर्यंत कुठल्या तरी साउंडवाल्याच्या हाताखाली वायरी गुंडाळून आणावेत. वायर कशी गुंडाळायची हेही शिकेल. ती कोपराभोवती पिळून ठेवणारी पोरं साउंडवाले दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत.

राहिला इसार. तो मागायला तुम्ही जाऊ नका, त्यालाच पाठवा. दुकानदार रोख परत देणार नाही, हे मी आत्ताच सांगते. तेव्हा सेट नको म्हणायचं आणि त्या दोन हजारांत दोन आरसीए वायरी, कॅननची टोकं आणि उरलेल्यात हेडफोनची सूट मागायची. घासाघीस येते का तेही समजेल. हंगामात कार्यक्रमाची सुपारी ठरवताना तीच लागते.