सगळे मरमर काम करतात, मग शाळा पुढे का सरकत नाही?

प्रश्न : ताई, मी सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. पट 138, माझ्यासकट आम्ही सहा जण. भांडणं म्हणावीत तशी नाहीत पण सहा जणांची तोंडं सहा दिशांना. एक सर रंगरंगोटी आणि परसबागेत, त्यांना सुंदर शाळेच्या स्पर्धेत नंबर हवाय. एक मॅडम शिष्यवृत्तीच्या आठ मुलांना धरून बसतात, एक सर दिवसभर ऑनलाइन माहिती भरतात. चौथीतल्या बारा मुलांना साधा उतारा वाचता येत नाही, तो विषय काढला की "आमच्याकडे आलीच कच्ची" असं उत्तर मिळतं. ऑफिसात ध्येयवाक्य लावलं, मीटिंगा घेतल्या, दोनदा जेवणंही झाली. काय करू?
— एक मुख्याध्यापक, मराठवाडा

उत्तर : सर, ध्येयवाक्याचं म्हणाल तर तो उद्योग मीही करून बसलेय. मुख्याध्यापक झाले त्या पहिल्याच वर्षी मोठा फ्लेक्स छापून घेतला, पाहुण्यांच्या हस्ते अनावरण वगैरे केलं आणि पुढच्या पावसाळ्यात खिचडीचं सरपण भिजायला लागलं तेव्हा स्वयंपाकीण मावशींनी तोच काढून त्यावर टाकला. मला राग आला, पण मग कळलं की त्यावर काय लिहिलंय हे स्टाफमधल्या कुणालाच सांगता येत नव्हतं, मलाही अर्धंच आठवलं.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते एवढंच की त्यात आठ मुलं एकाची आहेत, बाग एकाची आहे, माहिती एकाची आहे, पण ती बारा मुलं कुणाचीच नाहीत. चौथीच्या बाई म्हणतात तिसरीतच कच्ची आली, तिसरीचे सर म्हणतात दुसरीत लक्ष दिलं नाही, दुसरीच्या बाई अंगणवाडीकडे बोट दाखवतात आणि अंगणवाडीताई बिचाऱ्या मीटिंगला नसतातच, त्यामुळे विषय तिथे संपतो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं तिसरीच्या शेवटापर्यंत वाचन-गणित यायला हवं हे ध्येय आणि 2026-27 ची मुदत बहुतेक सगळ्यांना पाठ असते, पण अमुक एका पोराला आत्ता, या आठवड्यात नक्की काय येत नाही ते विचारा, बघा किती जण सांगतात.

म्हणून दिशाबिशा राहू द्या. आधी तिसरी ते पाचवीचं एकेक मूल बाजूला बसवून तुम्ही सगळ्यांनी मिळून वाचून घ्या. अक्षरं ओळखतं का, शब्द वाचतं का, उतारा, मग गोष्ट. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. आणि पुस्तकातला धडा देऊ नका हं! आमच्याकडे चौथीत एक मुलगी होती, धडा असा घडाघडा वाचायची की मीच तिला पाहुण्यांपुढे उभी करायचे. एकदा वाऱ्याने दोन पानं एकदम उलटली आणि ही आपली आधीच्याच पानावरचा मजकूर बोलत राहिली, बोटसुद्धा ओळीवरून बरोबर फिरत होतं. वर्गात तीन शिक्षक होतो, कुणीच काही बोललं नाही. तिला शाळेत येऊन चौथं वर्ष चालू होतं आणि आम्ही तिघांनीही तिला शिकवलेलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममधे पहिल्यांदा "कुणाकडून कच्ची आली" हे वाक्य निघालं नाही.

त्यानंतर आम्ही रोज एक तास वर्ग मोडायला लागलो. हे काही माझं डोकं नाही, प्रथम नावाची शिक्षणात काम करणारी संस्था बरीच वर्षं असं पातळीनुसार गट करून शिकवत आलीय, आणि 2015 च्या जूनमधे प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या राज्य सरकारच्या कार्यक्रमाचा जीआर आला तेव्हा आपल्याकडे बऱ्याच शाळांनी आपापल्या परीने असे प्रयोग केले. तुमच्याकडे बसतंही नीट. पहिली-दुसरी एकाकडे, सहावी-सातवी एकाकडे, उरलात तुम्ही चौघं, तिसरी ते पाचवीच्या मुलांचे अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असे चार गट, इयत्ता विसरायची. यातली खरी गंमत मुलांपेक्षा शिक्षकांची आहे, कारण दुसऱ्याच्या वर्गातलं पोरगं रोज तासभर आपल्यापुढे बसलं की ते आपलं होतं, मग मधल्या सुट्टीत "तो जोडाक्षराला अजून अडतोय बरं का" अशी बोलणी आपोआप निघतात.

अक्षरांचा गट तुम्ही स्वतः घ्या. मुख्याध्यापक सगळ्यात कच्ची मुलं घेऊन बसलाय हे दिसल्यावर मला वेगळं सांगावं लागलं नाही, तुम्हालाही लागेल असं वाटत नाही. गोष्टीचा गट शिष्यवृत्तीवाल्या मॅडमना द्या, त्यांची बरीच मुलं त्यातच येतील, त्यांच्याकडून भरपूर लिहून घेऊ देत. त्यांना "तुम्ही आठच मुलं बघता" असं चुकूनही म्हणू नका, आजवर निदान ती आठ तरी कुणीतरी बघत होतं. रंगवाल्या सरांना सांगा, खिडकीखाली मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बाराखडी आणि छोटी वाक्यं रंगवा. भिंतीवरचे सुविचार नेहमी साहेबांच्या उंचीला असतात, कधी लक्षात आलंय?

राहिले ऑनलाइनवाले सर. खरं तर ते सगळ्यांचं ओझं एकटे वाहतायत आणि वर टोमणे खातायत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं आहे, पण ते कलम वाचून दाखवून लिंक यायची थांबत नाही हे तुम्हीही जाणता. ते काम दर महिन्याला पाळीने फिरवा, आणि त्या एका तासात कुणीच फोन हातात घ्यायचा नाही, तुम्हीसुद्धा. "तात्काळ सादर करा" वाला मेसेज तासभर थांबला तर वरून एखादा फोन येईल, तो तुम्ही खायचा. प्रभारी का असेना, खुर्ची त्यासाठीच असते.

मीटिंगचं सांगते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास बसा, त्याहून जास्त नाही. आधी मुलांची नावं, परिपत्रकं शेवटी. मी कित्येक वर्षं उलटं केलं, परिपत्रकं वाचता वाचता सगळे घड्याळ बघायला लागायचे आणि मुलांचा विषय "पुढच्या वेळी बघू". जेवणं चालू ठेवा, त्यात वाईट काही नाही, पण नुसत्या जेवणावळींनी टीम होत असती तर आपल्याकडचं प्रत्येक लग्नघर एक टीम झालं असतं.

महिना-दीड महिन्याने पुन्हा वाचून घ्या आणि किती मुलं कुठून कुठे गेली तेवढे आकडे, नावं न घेता, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिथे पंचाहत्तर टक्के पालक असतात, ते रंगाबद्दल विचारणार नाहीत.

प्रश्न : मी शिक्षणसेवक आहे, दुसरं वर्ष. 16 हजार मानधनात घरापासून लांब राहते. मी काही नवीन सुचवलं की सीनियर सर म्हणतात, "नवीन आहे, होईल थंड." गप्प बसू का?

उत्तर : सुचवू नकोस गं, करून दाखव, तेही फक्त तुझ्या वर्गात. आणि त्याच सरांकडे जाऊन एक गोष्ट खरोखर विचार, म्हणजे गावातल्या कुठल्या घरी कधी गेलं की पालक भेटतात, कोण ऊसतोडीला कधी जातं, हे त्यांना तुझ्या दहापट माहीत असणार. माझ्या वेळी असंच टोमणे मारणारे एक गुरुजी होते. मी त्यांना स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी मागितली, तर ते स्वतः सायकल काढून माझ्याबरोबर वस्तीवर आले आणि येताना पूर्ण रस्ताभर माझ्या अक्षराला नावं ठेवत होते.