सोळा खोकी, पाच पट्ट्या आणि दहा बोटं

प्रश्न : ‘एमबीटीआय’ ही चार अक्षरांत सोळांपैकी एक स्वभावप्रकार सांगणारी चाचणी. सहा महिन्यांपूर्वी तिच्यात मी अंतर्मुख निघालो, आता बहिर्मुख. खरं काय?

तुम्ही मधले आहात. बहुतेक माणसं मधलीच असतात. चाचणी मात्र मधोमध रेघ मारते; अलीकडे एक अक्षर, पलीकडे दुसरं. रेघेजवळच्या माणसाची दोन-तीन उत्तरं फिरली की अक्षर फिरतं. शिवाय फुकट मिळते ती मूळ एमबीटीआय नव्हेच.

प्रश्न : मग ‘बिग फाइव्ह’ ही स्वभावचाचणी वेगळी कशी?

ती खोकी पाडत नाही. पाच पट्ट्यांवर तुम्ही कुठे आहात ते दाखवते. त्यातल्या चार एमबीटीआयच्या चार अक्षरांशी बऱ्यापैकी जुळतात. पाचवी पट्टी चिंता, चिडचिड, लवकर खचणं मोजते. ती एमबीटीआयत नाहीच, त्यामुळे एमबीटीआयचा निकाल कुणालाच झोंबत नाही. खपते उगीच नाही!

प्रश्न : एनिअग्राम माणसांचे नऊ प्रकार पाडतं. त्यातला चार नंबर म्हणजे एमबीटीआयचा कोणता प्रकार?

कोणताच नाही. फिरणारे तक्ते अंदाजपंचे असतात.

प्रश्न : माझा राक्षसगण आहे. त्यामुळे स्वभाव तापट का?

गण जन्मनक्षत्रावरून ठरतो, तुमच्या वागण्यावरून नाही.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. क्लासवाले बोटांच्या ठशांवरून ‘डीएमआयटी’ करून शाखा सांगतात. करावी का?

नको. बोटांवरचे शंख-चक्र आईच्या पोटात सहाव्या महिन्यापर्यंत पक्के होतात आणि जन्मभर तसेच राहतात. गणिताची गोडी, अभ्यासाची सवय त्यानंतर घडते. ती ठशात कुठून उमटणार? या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं स्पष्ट म्हटलं आहे. तरी रंगीत, जाडजूड अहवाल विकले जातात. त्यात असतं काय? ‘हळवी, पण वेळ आली की खंबीर.’ नाव झाकून तो अहवाल तिच्या मैत्रिणीच्या आईला वाचायला द्या. तिलाही तो आपल्याच लेकीचा वाटेल. त्यापेक्षा कल चाचणी, आवड चाचणी आणि गेल्या तीन वर्षांचे गुण समुपदेशकासमोर एकत्र ठेवा. त्यांची मानसशास्त्रातली पदवी विचारा, चाचणी कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या मुलांवर प्रमाणित केली तेही विचारा. उत्तर टाळलं तर उठून या. आणि हे आत्ताच करा, अकरावीचा अर्ज भरायच्या आठवड्यात नाही.

प्रश्न : नोकरीसाठी एमबीटीआय घेतली. योग्य आहे?

नाही. भरतीसाठी ती वापरू नका, असं प्रकाशकच सांगतात.

प्रश्न : बिग फाइव्हच्या त्या पाचव्या पट्टीवर माझे गुण फार वर आले. हा आजार का?

गुण म्हणजे निदान नव्हे. पण झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर चाचणी पुन्हा देत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, याच आठवड्यात.