केंदाळ काढलं, पुन्हा आलं: तळ्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: यंत्र लावून तळ्यातली सगळी जलपर्णी, म्हणजे केंदाळ, काढली. तीन महिन्यांत तळं पुन्हा झाकून गेलं. चुकलं कुठे?

उत्तर: बहुधा दोन ठिकाणी. ‘सगळी’ म्हणजे डोळ्यांना दिसली तेवढी. यंत्र मधल्या पाण्यात फिरतं. काठच्या पाणकणसात, सांडव्याच्या भिंतीला, नाल्याच्या तोंडाशी थोडी रोपं राहतातच. पोसलेल्या उबदार पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. या हिशेबाने शंभर रोपांची बारा आठवड्यांत सहा हजारांवर रोपं होतात. म्हणून यंत्र परत गेलं की फेऱ्या सुरू करा: पहिले तीन महिने दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याला. काठ धरून होडी चालवायची आणि रोप हाताने उचलायचं. उचलताना त्याच्या बुडातून निघालेला आडवा धुमारा बघा. त्याच्या टोकाला बोटभर पिल्लू असतं. धुमारा तुटून ते पाण्यात राहिलं तर ती फेरी वाया गेली.

गाळातलं बी पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला, त्याला ऊन लागलं की ते रुजतं. तेव्हा पाणी ओसरतं त्या दिवसांत फेरी चुकवू नका. नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडथळा बांधा, म्हणजे वरून वाहत येणारी रोपं तिथेच अडतील. पण तो वरचेवर रिकामा केला नाही तर पुराच्या जोराने तुटतो.

दुसरं आणि मोठं कारण पाण्यात आहे. एक रोप उपटून मुळं बघा. पिसासारखी मुळं आखूड आणि पानं गुडघ्याएवढी उंच असतील, तर पाण्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आहे. उपाशी पाण्यात उलट होतं: रोप बुटकं, मुळं लांब आणि जांभळट. सांडपाणी येत राहिलं तर तुम्ही दरवर्षी पीक कापाल, एवढंच. आधी नाले मोजा, कुठल्या नाल्यातून कोरड्या दिवसांतही पाणी येतं ते लिहून काढा. त्यातलं सर्वांत घाण पाणी आणणारा पहिल्यांदा अडवा.

प्रश्न: तणनाशक मारलं तर?

उत्तर: पिण्याचं पाणी असेल तर विचारही नको. इतरत्रही एकदम सगळं तळं फवारणं घातक आहे. मेलेली जलपर्णी बुडते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, मासे मरतात. तिने शोषलेलं स्फुरदही पाण्यात परत येतं, मग वर शेवाळ माजतं. परवानगी असेल आणि दुसरा इलाजच नसेल तरच, तुकड्या-तुकड्याने, जाणकाराच्या देखरेखीखाली.

प्रश्न: जलपर्णी खाणारे भुंगे सोडावेत का?

उत्तर: मोठ्या, यंत्र न पोहोचणाऱ्या तळ्यासाठी जरूर विचार करा. निओचेटिना हे सोंडकिडे याच वनस्पतीवर जगतात. प्रौढ किडा पानावर काही मिलिमीटरचे चौकोनी ओरखडे काढतो, अळी देठ पोखरते. पण परिणाम दिसायला काही वर्षं लागू शकतात, तेवढा धीर लागतो. त्या काळात सगळी जलपर्णी काढली तर किडेही तिच्याबरोबर जातात. एक पट्टा त्यांच्यासाठी राखा. फवारणी आणि किडे एकत्र चालवू नका.

प्रश्न: काढलेल्या ढिगाचं काय करायचं?

उत्तर: काठावर ठेवू नका, त्याचा रस झिरपून तळ्यातच जातो. ताज्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, म्हणून आधी उतरत्या नसलेल्या जागी पसरून वाळवा. मग बोटभर तुकडे करून सुकी पानं मिसळा आणि कंपोस्ट करा. ढीग आतून ५५ अंशांवर काही दिवस राहिला पाहिजे. कोरड्या कडेचं बी जिवंत राहतं, म्हणून ढीग उलटा. कारखान्यांचं पाणी येणाऱ्या तळ्यातली जलपर्णी जड धातू शोषते. तिचं खत भाजीला घालू नका, ती जनावरांनाही देऊ नका.

प्रश्न: पाणी सुधारतंय हे घरच्या घरी कसं कळेल?

उत्तर: पाणी किती खोलवर पारदर्शक आहे ते मोजणारी सेकी तबकडी करा. २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचे चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी बांधा. दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. दोन मीटरहून कमी आली तर तळं बहुधा अतिपोषित आहे, म्हणजे पाण्यात नत्र-स्फुरद गरजेपेक्षा जास्त आहे. मात्र पावसाच्या गढूळ पाण्यात हा आकडा फसवा ठरतो. प्राणवायू मोजायचा तर सूर्योदयाआधी, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर बरं, दोनच्या खाली गेला तर मासे धोक्यात.

नाले बंद केल्यावरही पाणी दोन-तीन वर्षं हिरवं राहू शकतं. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की लोहाला चिकटलेलं जुनं स्फुरद सुटून वर येतं. अशा वेळी उपाय फसला असं समजून नाले पुन्हा सोडू नका. तळाजवळच्या पाण्याचा प्राणवायूही मोजा आणि गाळ काढायचा की नाही हे त्या आकड्यांवरून ठरवा.