लँडस्केप शिकू, प्लॅनिंग शिकू की दोन्ही?

प्रश्न : ताई, मी सांगलीची. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. मला लँडस्केप आर्किटेक्चर करायचंय, पण आमचे सर म्हणतात, पुराचं काही करायचं असेल तर अर्बन अँड रीजनल प्लॅनिंग कर. दोन्ही शिकता येतं का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : येतं, आणि तू शिकावंसच. मी आधी प्लॅनिंग केलं आणि आठ वर्षांनी लँडस्केप. मधल्या काळातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही.

एका लहान शहराच्या विकास आराखड्यावर मी काम करत होते. रहिवासी पिवळा, वाणिज्य निळा, उद्यानं हिरवी, असे रंग भरत होते. ओढा म्हणजे एक बारीक रेघ. तिच्या कडेनं अठरा मीटरचा रस्ता आखला होता. पुढे जूनमध्ये मी पहिल्यांदा तिथे गेले. ती रेघ तीस पावलं रुंद निघाली. काठाला उंबर, करंज, खाली मऊ पोयटा. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी बाभळीकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्या वर, फांदीत वाळलेला पालापाचोळा अडकला होता. ‘गेल्या सालचं पाणी हितवर,’ म्हणाले. तोवर आराखडा पुढे गेला होता. आज तिथे भिंत आहे, रस्ता आहे, आणि पाणी पलीकडच्या घरांत शिरतं.

ती फांदी मला दिसली असती, तर रेघ मी वेगळी ओढली असती. माती, उतार, मुळं, काठाचा उभा छेद काढणं हे लँडस्केपमध्ये शिकवतात. पण फक्त तेवढंच येत असेल, तर तू सुंदर काठ करशील आणि पुढच्या आराखड्यात त्यावरून रस्ता जाईल. १९६६ चा नगररचना कायदा, जमिनींवरची आरक्षणं, हरकती-सूचनांची सुनावणी, ज्याची जमीन जाते त्याला टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, कसा द्यायचा, हे प्लॅनिंगवाल्यांना येतं. आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या दोन रेषांमधल्या जमिनीचं काय करायचं, हे एका विषयाच्या माणसाला सुटत नाही.

आता प्रवेशाचं. भारतात दोन्ही पदव्युत्तर अभ्यासक्रम सहसा वेगवेगळे, दोन-दोन वर्षांचे असतात. दिल्लीच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात दोन्ही आहेत. गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग हा पेपर बऱ्याच सरकारी संस्थांत दोन्हीकडे चालतो. परदेशात, उदाहरणार्थ अमेरिकेत बर्कलीला किंवा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टला, दोन्ही पदव्या एकत्र घेता येतात. तिथल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांनी माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधायचं नाही ते आधी ठरवण्याची पद्धत रुजवली. आज जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांत, आपण तेच करतो.

माझं ऐकशील तर आधी लँडस्केप कर. मग दोन वर्षं प्लॅनिंगच्या ऑफिसात नोकरी, आणि मगच दुसरी पदवी. मी उलटं केलं, म्हणून सांगतेय. एकदा डोळ्यांना काठ कळला की कागदावरचा नकाशा फसवू शकत नाही.

आणि थीसिसला दूरचा विषय घेऊ नकोस. तुमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमच्या गल्लीतल्या घराघरांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा असतील. कुणी रंग दिला असेल, तर ‘पाणी कुठवर होतं?’ एवढंच विचार. त्या खुणा एका पारदर्शक ट्रेसिंग कागदावर घे, ते ट्रेसिंग विकास आराखड्यावर ठेव, आणि जे दिसेल ते मला लिहून कळव.